मिटलेल्या पानाचा रंग

टोकन क्र. १. ॲलर्जीची नोंद मागे घेण्याचे कारण:

नोंद चुकीची आहे. या कामगाराला कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही.

टोकन क्र. २. कारण:

वरीलप्रमाणे.

टोकन क्र. ३. कारण:

वरीलप्रमाणे.

टोकन क्र. ४. कारण:

पडदा म्हणतो, 'वरीलप्रमाणे' चालणार नाही, प्रत्येक नोंदीला स्वतंत्र कारण लिहा. ठीक आहे. नोंदी करताना चारशे बारा नावांवर एका बोटाने खूण करता आली होती. मागे घेताना मात्र एकेक. एका खान्यात बाराशे अक्षरं मावतात आणि मला जे सांगायचं आहे ते एका खान्यात मावत नाही. म्हणून जमेल तिथे ते तुकड्यातुकड्याने भरत जातो. टोकन वेगळं असलं तरी कारण एकच आहे आणि ते पुढे चालू आहे, असं समजावं.

मी दिवाकर बोरकुटे. चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या दवाखान्यात एकवीस वर्षं कंपाउंडर. या चारशे बारा नोंदी मी केल्या. त्यातली एकही खरी नाही.

टोकन क्र. ५. कारण:

नोंद खरी नाही.

टोकन क्र. ६. कारण:

ही पण.

टोकन क्र. ७. कारण:

पडद्यावर तुमचं नाव येत नाही. फक्त 'तपासणी अधिकारी, जिल्हा' असं येतं. मागच्या वर्षी एका कामासाठी फोन केला होता तेव्हा बाईमाणसाने उचलला, म्हणून मी मॅडम म्हणतो. तुम्ही साहेब असाल तर माफ करा. तुम्ही हे वाचता की नुसतं 'मंजूर' दाबता, तेही मला माहीत नाही. नियमाप्रमाणे हा खाना तुमच्याशिवाय कोणाला दिसत नाही. या आरोग्यवहीच्या नियमांवर मी आता पैज लावत नाही, पण दुसरं कोणी नाही ज्याला हे सांगता येईल.

आज रविवार, नऊ मार्च. दवाखाना बंद आहे. मी आतून कडी लावून बसलो आहे.

टोकन क्र. १२. कारण:

गुरुवारी सकाळी कवडू मेश्रामचा हात माल वाहणाऱ्या पट्ट्यात सापडला. कवडूचं वय बावन्न. पट्टा थांबेपर्यंत मनगट आत गेलं होतं. मी रक्त बांधलं आणि ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या डोक्याशी बसलो.

दुखणं थांबवणाऱ्या कडक औषधांची पेटी आता हाताने उघडत नाही. ती रुग्णाचा अंगठा घेते, त्याची आरोग्यवही बघते, मग उघडते. कवडूचा धड असलेला अंगठा मीच धरून लावला. पेटीवर लाल दिवा लागला.

"काय झालं जी?" कवडू म्हणाला.

"नाही उघडत," गाडीतली सिस्टर म्हणाली. "काका, तुम्हाला या औषधाची मनाई आहे."

"कोणं केली मनाई?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. कारखान्याचा कंपाउंडर मी, मला माहीत असणार. मी खिडकीबाहेर पाहिलं. चंद्रपूरला पोचायला पंचावन्न मिनिटं लागली. कवडू आधी ओरडत होता, मग आईला हाका मारत होता, मग नुसते दात वाजत होते. त्याची आई मरून वीस वर्षं झाली.

टोकन क्र. १३. कारण:

हॉस्पिटलमध्ये मी डॉक्टरांना म्हणालो, "याला कसली ॲलर्जी नाही."

"वहीतली राखण लाल दाखवते."

"चुकून काही पडलं असेल."

"कोणाकडून?"

"माहीत नाही."

लाल असताना औषध द्यायचं तर दोन डॉक्टरांचे अंगठे लागतात. दुसरे डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. आणखी पंचवीस मिनिटं गेली.

कोणाकडून, ते मला माहीत होतं. नोंद मी आठ आठवड्यांपूर्वी केली होती.

टोकन क्र. १४. कारण:

नोंद चूक.

टोकन क्र. १५. कारण:

चूक नोंद.

टोकन क्र. २०. कारण:

तुम्हाला वही माहीत आहे. तरी मला जशी समजली तशी लिहितो, कारण माझी चूक तिथूनच निघते.

माणसाचं सगळं आजारपण एका आरोग्यवहीत असतं. त्यातली काही पानं मिटता येतात. नशामुक्तीचे उपचार, मनाचे आजार, आणखी दोन-तीन गोष्टी. मिटलेलं पान डॉक्टरला दिसत नाही, मालकाला दिसत नाही. ते आहे हेसुद्धा दिसत नाही. उघडायला ज्याचं पान त्याचाच अंगठा लागतो. आणि एकदा उघडलं की पुन्हा मिटत नाही. कायदा चांगला आहे. तो नसता तर आमच्यासारखे कितीतरी लोक नशामुक्ती केंद्राच्या दारात गेलेच नसते.

पण समजा, एखाद्याने अफूच्या कुळातल्या औषधाची सवय मोठ्या कष्टाने सोडली आहे आणि त्याचं पान मिटलेलं आहे. नव्या डॉक्टरने नकळत त्याला तेच औषध लिहून दिलं तर? म्हणून वहीत राखण बसवली. राखण सगळी पानं वाचते, मिटलेलीसुद्धा. औषधाचं नाव टाकलं की ती फक्त रंग सांगते. हिरवा म्हणजे द्या. लाल म्हणजे देऊ नका. का, ते सांगत नाही. कारण सांगितलं तर पान उघडल्यासारखंच झालं.

कुलूप उत्तम होतं. फक्त कुलपाच्या आत बसलेला राखणदार, कोणीही काहीही विचारलं की खरं बोलत होता.

टोकन क्र. ३१. कारण:

डिसेंबरात वार्षिक तपासणीचा कॅम्प असतो. माणसं रांगेत लागायच्या आधीच मी सगळ्यांच्या नावावर खोकल्याची बाटली टाकून ठेवतो. सिमेंटच्या धुळीत खोकला नाही असा माणूस नाही. आधी औषध, मग तपासणी, ही माझी एकवीस वर्षांची पद्धत. पूर्वी कागदावर करायचो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, ते सही करून मोकळे होतात.

यंदा नेहमीची बाटली आली नाही. पुरवठादाराने दुसरी पाठवली. तिच्यात अफूच्या कुळातलं औषध थोडंसं असतं. मी लेबल वाचलं होतं, पण चारशे बारा नावांवर खूण करून बटण दाबून टाकलं. सगळी नावं हिरवी झाली आणि मधेमधे लाल ठिपके उमटले.

कंपाउंडरचा गळा मोठा असतो, दिवसभर खिडकीतून नावं पुकारायची असतात. नीट बघायच्या आधीच मी ओरडलो, "साहेब, हे बघा, काहीतरी लाल आलं."

सबनीस साहेब, आमचे वेलफेअर ऑफिसर, दारात चहा घेत उभे होते. "आलो," ते म्हणाले.

मग मी नीट बघितलं. नऊ नावं होती.

टोकन क्र. ३२. कारण:

त्यात एक मारोती ठेंगणे, क्रेनवाला, टोकन ११७. आणि एक दिवाकर बोरकुटे, टोकन ३८. कंपाउंडरलाही बाटली मिळते, माझं नाव नेहमी यादीत असतं.

ही दोन नावं एका रंगात बघितल्यावर मला दुसरं काही बघायची गरज नव्हती.

बारा वर्षांपूर्वी मी दवाखान्याच्या कपाटातली दुखण्याची इंजेक्शनं स्वतःला टोचत होतो. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची. मारोतीची पाठ क्रेनवरून उतरताना दुखावली होती. आधी दुखण्यासाठी गोळ्या, मग गोळ्यांसाठी दुखणं. वर्ध्याजवळच्या केंद्रात आमच्या खाटा शेजारी होत्या. मी घरी सांगून गेलो होतो की नागपूरला चार महिन्यांचं ट्रेनिंग आहे. माझी बायको कुंदा अजून त्या ट्रेनिंगबद्दल बोलते. त्यानंतर मी बदललो म्हणते, सरकारने असं ट्रेनिंग सगळ्यांनाच द्यावं म्हणते.

सुटलो त्या दिवशी, नऊ मार्चला, बसस्टँडवर आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला. बिनबर्फाचा. तेव्हापासून दर नऊ मार्चला तिथेच, तेवढाच. त्या विषयावर बोलत नाही. ग्लास ठेवतो आणि आपापल्या घरी जातो. पान मिटायचं मीच त्याला सुचवलं होतं. "कायदा आहे," मी म्हणालो होतो, "कोणाच्या बापाला कळणार नाही."

टोकन क्र. ३३. कारण:

साहेब टेबलापाशी यायच्या आत मी एका नावावरची खूण काढली. पडद्यावर आठ लाल उरले.

"काय हो हे?" सबनीस साहेब म्हणाले.

"राखण नाही म्हणते साहेब. या आठ जणांना हे औषध नको."

"का?"

"ते ती सांगत नाही."

त्यांनी खाली बेरीज बघितली. "चारशे अकरा? आपण चारशे बारा आहोत ना?"

"माझं टाकलं नाही साहेब. मला खोकला नाही."

"एकवीस वर्षं सिमेंटमध्ये आणि खोकला नाही?" ते हसले. "नशीबवान आहात, बोरकुटे."

टोकन क्र. ४०. कारण:

नोंद मी केली. कामगाराचा काही संबंध नाही.

टोकन क्र. ५८. कारण:

सबनीस साहेब वाईट माणूस नाही, मॅडम. हुशार आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढली.

"दुसरं औषध टाका बघू. जुलाबाची ती गोळी."

मी टाकली. आठपैकी चार लाल. जुलाबाची ती गोळी दारू सोडवणाऱ्या औषधाबरोबर चालत नाही, म्हणजे हे चार दारूवाले. उरलेल्या चारांत मारोती. मग झोपेची गोळी, मग कडक दुखण्याची, मग डोकेदुखीची एक. एकेक टाकायचं, रंग बघायचा, पुसायचं. दहा-बारा प्रश्नांत पान जवळजवळ वाचून होतं. पान उघडलं तर कोणी उघडलं याची नोंद राहते. औषध टाकून पुसलं तर काहीच राहत नाही, कारण औषध दिलेलंच नसतं.

"हे बरोबर नाही साहेब," मी म्हणालो. "पान मिटलेलं आहे."

"मी कुठे उघडलं? मी फक्त खोकल्याचं औषध देतोय." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघा, ठेंगणे क्रेनवर बसतो. खाली चाळीस माणसं काम करतात. मला कळायला नको?"

"अकरा वर्षं झाली असतील साहेब त्याला."

"कशाला?"

मी पडद्यावरचं औषध पुसलं. अकरा हा आकडा मी कुठून आणला, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे लक्षात आलं नाही, असं नाही. त्या दिवसापासून ते खिडकीसमोरून गेले की मी हातातलं काम थांबवतो. ते कधी कधी विचारतात, "काय बोरकुटे, खोकला?" मी म्हणतो, "नाही साहेब." आणि खरंच खोकला आला तर कपाटामागे जाऊन रुमालात खोकतो.

टोकन क्र. ७४. कारण:

फलकावर आठ नावं लागली. 'तब्येतीच्या कारणास्तव कामात बदल.' मारोतीला क्रेनवरून उतरवून यार्डात झाडू दिला. अकरा वर्षांत त्याच्या क्रेनखाली कोणाला ओरखडा आला नव्हता.

शालिनी वरभे पॅकिंगमध्ये होती. तिला काढूनच टाकलं, दवाखान्याच्या यादीत नाव तेवढं राहिलं. तिच्या सोबतच्या बायका तिला गर्दुली म्हणायला लागल्या. ती माझ्या खिडकीवर आली.

"दिवाकरभाऊ, माह्यं मूल पोटात गेलं होतं. त्याच्यानंतर मले सहा महिने मनाच्या डॉक्टरच्या गोळ्या होत्या. अजून अर्धी चालू हाय. तेच पान मिटलं म्या. लाल म्हणजे नशाच असते का जी?"

"नसते, बाई."

"मग तुमी सांगा ना साहेबाले."

मी सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, लाल म्हणजे काय असतं हे तुम्हाला इतकं कसं माहीत.

टोकन क्र. ७५. कारण:

महिनाभरात ही युक्ती सगळीकडे गेली. दुसऱ्या कारखान्यांत गेली, ट्रकवाल्यांच्या ठेकेदारांकडे गेली. 'खोकला कॅम्प' असंच नाव पडलं. वरोऱ्याकडे एका सोयरिकीत मुलीच्या मामाने मुलाला ओळखीच्या कंपाउंडरकडे नेलं आणि म्हणाला, "पोराले जरा खोकल्याचं द्या." लग्न मोडलं. लाल का होता ते त्या पोरालाच माहीत.

ही युक्ती माझी आहे, मॅडम. तसं म्हणावं तर मी फक्त बाटल्या टाकल्या होत्या.

टोकन क्र. ९०. कारण:

नोंद मागे.

टोकन क्र. ९१. कारण:

मागे घेतो.

टोकन क्र. १४०. कारण:

संक्रांतीच्या आधी सबनीस साहेबांनी दुसरा कॅम्प ठरवला. यावेळी औषधांची यादी तेच घेऊन येणार होते. कॅम्पच्या आदल्या दुपारी मी चारशे बारा नावांवर खूण केली आणि ॲलर्जीच्या खान्यात अफूच्या कुळातली सगळी औषधं टाकून दिली. ॲलर्जी लिहायला कंपाउंडरला कोणाचा अंगठा लागत नाही. जीव वाचवणारी नोंद आहे, ती पटकन व्हावी असा नियम आहे.

राखण ॲलर्जीसाठीही लाल दाखवते. का, ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तेच खोकल्याचं औषध टाकलं आणि पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. हेड क्लार्क लाल, गेटवरचे वॉचमन लाल, स्वतः सबनीस साहेब लाल.

"हे काय?" ते म्हणाले.

"मशीन बिघडलंय साहेब." मी आदल्या दुपारपासून हे वाक्य घोकत होतो. "आधीचंही मग खोटंच असेल."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पण त्यांचं स्वतःचं नाव लाल होतं. बिघडलं म्हणण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. आठवड्याभरात मारोती परत क्रेनवर गेला. शालिनीला निरोप पाठवला, पण ती गाव सोडून गेली होती.

त्या आठवड्यात मी घरी गाणं गुणगुणलो, असं कुंदा सांगते.

टोकन क्र. १४१. कारण:

कवडूचा मला विचार आला नव्हता. कवडूचाच असं नाही, कोणाचाच. चारशे बारा माणसं, वर क्रेन, खाली पट्टे, तापलेल्या भट्ट्या. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या दुखण्यावरचं औषध मी एका बोटाने बंद केलं आणि मला वाटलं की मी लोकांना वाचवलं.

टोकन क्र. २२६. कारण:

कुंदाचा फोन आला. "रविवारी काय एवढं लिहून राहिले? जेवाले या."

म्हणालो, वार्षिक नोंदी आहेत. ती म्हणाली, "साहेबाले सांगा, तुमच्या दवाखान्यात एकाच माणसाले काम हाय का?"

टोकन क्र. ३०६. कारण:

हे कवडूचं टोकन. याला ॲलर्जी नाही. कधीच नव्हती. त्याने विचारलं होतं, कोणं केली मनाई. मी केली.

टोकन क्र. ३९८. कारण:

आता अडचण सांगतो. तुम्ही या नोंदी मंजूर केल्या की सगळे हिरवे होतील. नऊ सोडून. त्या नऊ जणांना लाल माझी नोंद करत नाही, त्यांची मिटलेली पानं करतात. म्हणजे मी सगळं नीट केलं की उद्या सकाळी पडद्यावर पुन्हा तीच यादी उभी राहील आणि मारोती पुन्हा झाडू घेईल.

नोंदी तशाच ठेवल्या तर मारोती क्रेनवर राहील आणि पुढचा कवडू पंचावन्न मिनिटं ओरडेल.

नऊच नोंदी मागे घेतल्या नाहीत तर काही फरक पडत नाही, नऊच लाल दिसतील. मी माझं पान उघडून साहेबांना सांगितलं, लाल म्हणजे वाईट नव्हे, माझ्याकडे बघा, बारा वर्षं मी धड आहे, तर त्यातून एवढंच सिद्ध होईल की मशीन बिघडलेलं नव्हतं. खरं बोललो तरी त्या आठ जणांवरच शिक्का बसतो.

सकाळपासून मी हे उलटंसुलटं करून बघतो आहे. दार सापडत नाही.

टोकन क्र. ४०९. कारण:

खिडकीवर टकटक झाली. मारोती. हातात पाण्याची बाटली, आत हिरवट रस.

"बसस्टँडवर अर्धा तास उभा रायलो बे तुह्यासाठी," तो म्हणाला. "रसवाला विचारते, तुमचा जोडीदार मेला का?"

मी कडी काढली. तो तपासणीच्या बाकावर बसला, बाटलीच्या झाकणात रस ओतून माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः बाटलीने प्यायला. मी त्याला सगळं सांगितलं. ॲलर्जीच्या नोंदी, पेटी, कवडू. तो ऐकत राहिला.

"हात रायला का त्याचा?"

"दोन बोटं गेली. हात राहिला."

"अन् हे तू माह्यासाठी केलं?"

"हो."

"म्या म्हटलं होतं का?"

मी समोरचं झाकण बाजूला सरकवलं.

"क्रेनवरून कवडू मले रोज दिसते," तो म्हणाला. "डोक्याले लाल रुमाल बांधते. गुरुवारी तो ओरडला तवा मी वर होतो. मले तिकडे ऐकू येत नाही, नुसतं तोंड उघडं दिसलं. काढ त्या नोंदी."

"काढल्या की तू उद्या परत यार्डात."

"मले समजते ना. येडा हाय का मी?"

टोकन क्र. ११७. कारण:

हे मारोतीचं टोकन. मी ते सोडून पुढे गेलो होतो. आता तो समोर बसून सांगतो आहे आणि मी लिहितो आहे:

"लिह. मारोती ठेंगणे, क्रेन. मले कायचीच ॲलर्जी नाही. सबनीस साहेबाची बी नाही. माह्यं पान मिटलेलं हाय अन् ते तसंच राहीन. उघडायचं का नाही ते माह्या अंगठ्याचं काम हाय, कंपाउंडरचं नाही. झालं का लिहून? वाचून दाखव."

वाचून दाखवलं. "सबनीसची बी नाही, हे खरंच लिहिलं का बे?" तो म्हणाला. पुसू का, विचारलं. "राहू दे," म्हणाला.

टोकन क्र. ४१०. कारण:

मी म्हणालो, "मारोती, अजून एक आहे. डिसेंबरात नावं आठ नव्हती. नऊ होती."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"फलकावर यादी लागली तवापासून. आठ नावं वाचली. म्हटलं, दिवाकर कुठी हाय? दोनदा वाचली." त्याने झाकण उचलून बघितलं, मी रस घेतला नव्हता. "मंग म्हटलं, बरं झालं. एक तरी सुटला."

तो रागावून म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं.

टोकन क्र. ४११. कारण:

मारोती गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या वर्षी बसस्टँडवर ये. बाटलीतला रस चांगला लागत नाही."

टोकन क्र. ४१२. कारण:

नोंद खोटी आहे. मागे घेतो.

टोकन क्र. ३८. कारण:

हे माझं. शेवटी ठेवलं होतं.

मॅडम, डिसेंबरात साहेब दारात होते. दारापासून माझ्या टेबलापर्यंत आठ पावलं आहेत, मी नंतर चालून पाहिलं. एका नावावरची खूण काढायला अर्धं पाऊल पुरतं. नऊ नावं पुसून व्हायला वेळ होता. मी म्हणू शकलो असतो, साहेब, काही नाही, डोळ्यांना भास झाला. शालिनी आज पॅकिंगमध्ये असती. ॲलर्जीच्या नोंदी कराव्या लागल्या नसत्या. कवडूला गाडीतच सुई मिळाली असती. मी एक नाव पुसलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो.

दिवाकर बोरकुटे, कंपाउंडर, याला कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही. नोंद मागे घेण्यात यावी. सगळ्या मंजूर करा. आज केल्या तर बरं, उद्या सकाळची पाळी सातला सुरू होते.

राखणीचं काय करायचं ते तुमच्या हातात आहे की आणखी कोणाच्या, मला माहीत नाही. प्रश्न कोणी विचारला याचीही नोंद ठेवा, एवढं तरी वर कळवा. कपाटाची किल्ली मी पाकिटात घालून टेबलावर ठेवली आहे, ती आता साहेबांनी सांभाळावी. आता घरी जातो. त्या ट्रेनिंगबद्दल कुंदाला जेवायच्या आधी सांगायचं की नंतर, ते वाटेत ठरवीन.

मशीन दुरुस्त झालं हे कळताच सबनीस साहेब कॅम्प लावतील. खोकल्याच्या बाटल्या टाकायला मलाच बसवतील, दुसरं कोणी नाही. या वेळी बेरीज बरोबर येईल. चारशे बारा.